तेलाच्या हिशेबाची दुसरी वही

फेब्रुवारी २००१ मध्ये अंगोलाच्या सोनांगोल या सरकारी तेल कंपनीने ब्रिटनच्या बीपीला एक खरमरीत पत्र पाठवले. बीपीचा गुन्हा एवढाच, की अंगोलात आपण किती तेल काढतो आणि त्यापोटी तिथल्या सरकारला किती पैसे देतो, हे जाहीर करण्याची तयारी तिने दाखवली होती. खोल समुद्रातल्या ३१ क्रमांकाच्या ब्लॉकच्या करारावर सही करतानाच तिने सुमारे ११ कोटी १० लाख डॉलर मोजले होते आणि तो आकडा ब्रिटनमध्ये दाखल केलेल्या हिशेबपत्रकांत उमटलाही होता. सोनांगोलने बजावले, की करारातले गोपनीयतेचे कलम मोडाल तर करारच रद्द होईल. पत्राच्या प्रती अंगोलात काम करणाऱ्या इतर तेल कंपन्यांनाही गेल्या. कुणाच्या मनात तसा विचार असेलच तर त्यांनी वेळीच शहाणे व्हावे म्हणून. बीपीने पाऊल मागे घेतले.

आपण दिलेल्या पैशांचा आकडा एखाद्या कंपनीने सांगायचा, यात सरकारला इतके झोंबण्यासारखे काय होते? अंगोलात तेव्हा यादवी युद्ध चालू होते आणि त्या युद्धाचा सरकारी बाजूचा खर्च तेलातून निघत होता. किती पैसा आला हे बाहेर पडले असते, तर किती खर्च झाला आणि उरलेला कुठे गेला, हे पुढचे प्रश्न आलेच असते.

हिरे आणि तेल

पोर्तुगालच्या तावडीतून अंगोला १९७५ मध्ये सुटला आणि त्याच वर्षी तिथे सत्तेसाठी लढाई जुंपली. एका बाजूला राजधानी लुआंडा ताब्यात असलेला एमपीएलए हा पक्ष, दुसऱ्या बाजूला जोनास साविंबी यांची युनिटा. मधल्या काही मोडलेल्या तहांचा काळ सोडला तर हे युद्ध २००२ पर्यंत, म्हणजे २७ वर्षे चालले. त्यात पाच लाखांच्या आसपास माणसे मेल्याचा अंदाज आहे. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघ आणि क्यूबा सरकारच्या पाठीशी होते, तर अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका युनिटाच्या. तरीही काबिंडा प्रांतातल्या अमेरिकी कंपनीच्या तेलविहिरींना पहारा क्यूबाचे सैनिक देत होते! अमेरिकेच्या मित्रांशी लढणाऱ्या सरकारची तिजोरी अमेरिकी कंपनीच्या तेलाने भरत होती. तेलाच्या पैशाला विचारसरणीचे सोयरसुतक नसते, हे तिथे फार लवकर दिसून आले.

शीतयुद्ध संपले आणि बाहेरची मदत आटली. मग दोन्ही बाजूंनी आपापली खाण शोधली. युनिटाच्या हाती हिऱ्यांचा मुलूख होता. नदीकाठचे हिरे फावडे आणि चाळणीने काढता येतात, खिशात घालून सीमेपार नेता येतात. तेलाचे तसे नाही. त्याला समुद्रात तरंगणारे प्लॅटफॉर्म लागतात, अब्जावधींचे भांडवल लागते आणि करारावर सही करायला जगाने मान्यता दिलेले सरकार लागते. म्हणून हिरे बंडखोरांचे झाले आणि तेल सरकारचे.

हा फरक पुढच्या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे. युनिटाच्या हिऱ्यांवर संयुक्त राष्ट्रांनी १९९८ मध्ये बंदी घातली. हिऱ्याचा उगम तपासणारी किंबर्ली प्रक्रिया २००३ मध्ये सुरू झाली. बंडखोरांचा माल बेकायदा ठरवणे सोपे असते. पण सरकार विकत असलेल्या तेलावर कोणत्या कलमाखाली बंदी आणणार? तो व्यापार कायदेशीरच होता. कंपनी कायदेशीर, करार कायदेशीर, पैसे भरल्याची पावतीही कायदेशीर. तेव्हा बंदीच्या ऐवजी दुसरे हत्यार हवे होते. ‘ग्लोबल विटनेस’ या लंडनच्या छोट्या संस्थेने डिसेंबर १९९९ च्या आपल्या अहवालात ते सुचवले: कंपन्यांनी निदान आपण भरलेले पैसे तरी सांगावेत.

पैसा जातो कसा

तेल कंपनीचा पैसा सरकारकडे एकाच वाटेने जात नाही, आणि युद्धाच्या कामी कोणती वाट अधिक येते हे समजून घेतल्याशिवाय पारदर्शकतेचा मुद्दा नीट उमगत नाही.

पहिली वाट सिग्नेचर बोनसची. तेलाचा एक थेंब निघण्याआधी, नुसत्या सहीपोटी एकरकमी दिली जाणारी ही रक्कम. विहीर कोरडी निघाली तरी ती परत मिळत नाही. अंगोलात १९९९ मध्ये ३१, ३२ आणि ३३ या तीन खोल समुद्रातल्या ब्लॉकांपोटी मिळून जवळपास ९० कोटी डॉलर असे आले. युद्ध पुन्हा पेटले होते डिसेंबर १९९८ मध्ये. एवढी रोकड एवढ्या मोक्याच्या वेळी मिळाली, की ती कुठे जाणार हे सरकारी पातळीवरूनही फारसे झाकून ठेवले गेले नाही. शिवाय बोनस दरवर्षी येत नाही. त्यामुळे अर्थसंकल्पात त्याची ठरलेली जागा नसते आणि तो गायब झाला तरी कुठली ओळ रिकामी दिसत नाही.

दुसरी वाट रॉयल्टी आणि कराची. ती त्यातल्या त्यात सरळ. तिसरी वाट मालाची. उत्पादन वाटपाच्या करारात कंपनी आधी आपला खर्च भरून काढण्यापुरते तेल घेते, आणि उरलेले नफ्याचे तेल ठरलेल्या प्रमाणात सरकार आणि कंपनी वाटून घेतात. म्हणजे सरकारला इथे डॉलर न मिळता पिंपेच मिळतात. ती कुणाला, कोणत्या दिवशी, काय भावाने विकली, हे सरकारी कंपनीलाच ठाऊक. अंगोलात सोनांगोल परवाने देत होती, स्वतः भागीदार होती, देशाच्या वाट्याचे तेलही विकत होती आणि त्या पैशातून सरकारच्या वतीने परस्पर देणीही भागवत होती. अर्थखात्यापर्यंत उरेल ते पोहोचायचे.

चौथी वाट उचलीची. पुढच्या काही वर्षांत निघणारे तेल आधीच गहाण टाकून परदेशी बँकांकडून चढ्या व्याजाने कर्ज काढायचे. तेल घेणारा व्यापारी टँकरचे पैसे लुआंडाला न पाठवता परदेशातल्या एका विश्वस्त खात्यात भरतो, बँक आपला हप्ता कापून घेते आणि मग शिल्लक पुढे जाते. लढाईत सरकारला दारूगोळा आज हवा असतो आणि तेल निघणार असते तीन वर्षांनी; ही दरी भरून काढायला उचलीसारखे साधन नाही. रशियन बनावटीच्या सुमारे ७९ कोटी डॉलरच्या शस्त्रांचा असाच एक व्यवहार १९९३ ते १९९८ दरम्यान झाला. त्याबद्दल पॅरिसमध्ये मोठा खटला चालला, २००९ मध्ये शिक्षा झाल्या. पुढे २०११ मध्ये अपिलात शस्त्रव्यापाराच्या मुख्य आरोपातून प्रमुख मध्यस्थ सुटले, कारण ते एका सार्वभौम सरकारच्या वतीने वागत होते असे न्यायालयाने मानले.

या सगळ्या वाटांची बेरीज कुणी केली तर काय हाती लागते, ते ‘ह्युमन राइट्स वॉच’ने जानेवारी २००४ मध्ये दाखवले. १९९७ ते २००२ या काळात अंगोलाच्या तेल उत्पन्नातले सुमारे ४२२ कोटी डॉलर सरकारी हिशेबात सापडत नव्हते. त्याच सहा वर्षांत शाळा, दवाखाने आणि इतर सामाजिक कामांवर सरकार आणि परदेशी मदतसंस्था यांनी मिळून केलेला खर्च होता ४२७ कोटी. देशात अर्धपोटी माणसांना अन्न पुरवायला जग वर्गणी काढत होते आणि जवळपास या सगळ्या सामाजिक खर्चाएवढा पैसा घरातल्या घरात हरवत होता.

एकट्याने उघडे पडायचे नाही

बीपीचे प्रकरण एक धडा देऊन गेले. एखादी कंपनी सद्भावनेने आकडे सांगू लागली तर सरकार तिला हाकलून तिचा ब्लॉक तोंड बंद ठेवणाऱ्या दुसरीला देऊ शकते. त्यामुळे सगळ्यांनी एकदम बोलायचे, नाहीतर कुणीच नाही.

यावरचा तोडगा त्या गोपनीयतेच्या कलमातच दडलेला होता. तेल करारांतल्या या कलमांना सहसा एक अपवाद असतो: कंपनीच्या मायदेशातल्या कायद्याने किंवा शेअर बाजाराच्या नियमाने भाग पाडले तर माहिती देता येते. म्हणजे लुआंडातले दार बंद असले तरी लंडन, न्यूयॉर्क आणि टोरांटोच्या शेअर बाजारांतून आत शिरता येत होते. २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘पब्लिश व्हॉट यू पे’ या मोहिमेची मागणी हीच होती. जे भरता ते छापा, आणि ते कायद्याने सक्तीचे करा.

सरकारांनी आधी मवाळ रस्ता धरला. ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या पुढाकाराने त्याच वर्षी एका स्वेच्छेच्या उपक्रमाची घोषणा झाली. आज तो ईआयटीआय या नावाने ओळखला जातो, त्याचे कार्यालय ऑस्लोत आहे आणि पन्नासहून अधिक देश त्यात आहेत. त्याची पद्धत कुठल्याही मुनिमाला पटेल अशी. कंपन्या सांगतात आम्ही इतके दिले, सरकार सांगते आम्हाला इतके मिळाले. तिसरा, स्वतंत्र हिशेबनीस दोन्ही आकडे समोरासमोर ठेवतो आणि फरक छापतो. देखरेखीच्या मंडळात सरकार आणि कंपन्यांबरोबर नागरी संघटनांनाही जागा असते.

सक्तीचा कायदा आला तो २०१० मध्ये अमेरिकेत, डॉड-फ्रँक कायद्याच्या १५०४ क्रमांकाच्या कलमातून. तेल उद्योगाच्या संघटनेने त्याच्या नियमांविरुद्ध दावा लावला आणि २०१३ मध्ये न्यायालयाने ते नियम रद्द केले. २०१६ मध्ये नवे नियम आले. २०१७ च्या फेब्रुवारीत अमेरिकी संसदेने तेही मोडीत काढले. २०२० मध्ये तिसरी आवृत्ती निघाली, बरीच सौम्य. तोवर युरोप पुढे निघून गेला होता. युरोपीय संघाच्या २०१३ च्या नियमानुसार तिथल्या मोठ्या तेल, वायू, खाण आणि लाकूड कंपन्यांना एक लाख युरोंच्या वरचा प्रत्येक भरणा देशवार आणि प्रकल्पवार जाहीर करावा लागतो. नॉर्वे आणि कॅनडातही असे कायदे झाले. कंपन्यांनी वर्तवलेला प्रलय काही आला नाही. नॉर्वेच्या स्टॅटऑइलने तर कायद्याची वाट न पाहता अंगोलासह देशवार आकडे छापले होते आणि तरी ती अंगोलात टिकून राहिली. खुद्द अंगोलाने २००६ च्या लिलावात कोट्यवधी डॉलरच्या बोनसच्या बोली सर्वांसमोर उघडल्या. पाच वर्षांपूर्वी ज्या आकड्यासाठी करार मोडायची धमकी दिली होती, तो आता मिरवायचा आकडा झाला होता. पुढे २०२२ मध्ये अंगोला ईआयटीआयमध्येही दाखल झाला.

काटा कुणाच्या हातात

तेलाच्या हिशेबात दोन वह्या असल्या की काय घडते, हे पाहायला सुदानसारखे ठिकाण नाही. तिथे एक भारतीय कंपनीही होती.

सुदानच्या दक्षिणेत, बेंटियूच्या आसपास, अमेरिकेच्या शेव्हरॉन कंपनीला १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेल सापडले. १९८३ मध्ये उत्तर-दक्षिण युद्धाची दुसरी फेरी पेटली. पुढच्याच वर्षी बंडखोरांनी शेव्हरॉनचे तीन कामगार मारले आणि कंपनीने काम थांबवले. नव्वदच्या दशकात ब्लॉक १, २ आणि ४ एका नव्या कन्सोर्टियमकडे आले. त्यात चीनच्या सीएनपीसीचे ४० टक्के, मलेशियाच्या पेट्रोनासचे ३०, कॅनडाच्या टॅलिस्मनचे २५ आणि सुदानच्या सरकारी कंपनीचे ५ टक्के. हेग्लिग या तेलक्षेत्रापासून लाल समुद्रापर्यंत सुमारे १६०० किलोमीटरची पाइपलाइन घातली गेली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये पहिला टँकर निघाला.

त्यानंतर खार्टूमच्या, म्हणजे सुदान सरकारच्या, लष्करी खर्चात झपाट्याने वाढ झाली. तेलक्षेत्रातून नुएर आणि डिंका लोकांची गावेच्या गावे उठवली गेली. कॅनडा सरकारने पाठवलेल्या जॉन हार्कर यांच्या पथकाने जानेवारी २००० च्या अहवालात नोंदवले, की हेग्लिगची धावपट्टी कंपनीच्या विमानांबरोबर लष्कराची लढाऊ हेलिकॉप्टरे आणि अँटोनोव्ह बॉम्बर विमानेही वापरत होती. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ही मदत कुठल्याही बोनसच्या किंवा रॉयल्टीच्या रकान्यात दिसली नसती. धावपट्टी, बारमाही रस्ता, इंधन हेही एक प्रकारचे देणेच असते, आणि ते डॉलरमध्ये मोजले जात नाही.

मायदेशात टीकेचा भडिमार सुरू झाल्यावर टॅलिस्मनने आपला २५ टक्के हिस्सा विकायला काढला. तो घेतला ओएनजीसी विदेश या भारत सरकारच्या कंपनीने, सुमारे १२० कोटी कॅनेडियन डॉलरना. व्यवहार मार्च २००३ मध्ये पुरा झाला. पेट्रोलियम मंत्री तेव्हा मुंबईचे खासदार राम नाईक होते. मे महिन्यात सुदानच्या तेलाचा पहिला टँकर मंगळूरच्या रिफायनरीला लागला तेव्हा आपल्याकडे ऊर्जासुरक्षेच्या दिशेने मोठी झेप म्हणून त्याचे कौतुक झाले. परदेशात स्वतःच्या मालकीचे तेल, ही भारताच्या दृष्टीने खरोखर नवलाईची गोष्ट होती. कॅनडात या हिश्शावरून जे प्रश्न विचारले गेले, ते त्या टँकरबरोबर मंगळूरला आले नाहीत.

जानेवारी २००५ मध्ये उत्तर आणि दक्षिणेत शांतता करार झाला. कराराचा कणा होता पैशाची वाटणी. दक्षिणेतल्या तेलाच्या निव्वळ उत्पन्नातून दोन टक्के उत्पादक राज्यांना द्यायचे आणि उरलेले खार्टूम व दक्षिणेचे सरकार यांनी निम्मे निम्मे वाटून घ्यायचे. दक्षिणेच्या नव्या सरकारचे जवळपास सगळे उत्पन्न हेच. पण किती तेल निघाले, काय भावाने गेले आणि निम्मे म्हणजे किती, हे तिन्ही आकडे खार्टूमकडून येत होते.

ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्याला यातली मेख समजावून सांगावी लागणार नाही. ऊस त्याचा, पण काटा कारखान्याचा. उतारा किती लागला हेही कारखानाच सांगणार. म्हणून तर बाहेरच्या काट्यावर वजन करून मगच ऊस आत न्यायची मुभा मिळावी, ही मागणी काटामारीच्या तक्रारींबरोबर वर्षानुवर्षे होत आली आहे.

दक्षिण सुदानला बाहेरचा काटा अनपेक्षित जागी मिळाला. खार्टूमचे अर्थखाते ब्लॉकवार उत्पादनाचे आकडे प्रसिद्ध करत होते. या ब्लॉकांमधली मुख्य भागीदार सीएनपीसी आपल्या वार्षिक अहवालात त्याच ब्लॉकांचे आकडे छापत होती, तिच्या लेखी तो कर्तबगारीचा भाग. ‘ग्लोबल विटनेस’ने २००९ मध्ये दोन्ही समोरासमोर ठेवले. २००७ सालासाठी ब्लॉक १, २ आणि ४ चा सरकारी आकडा कंपनीच्या आकड्यापेक्षा ९ टक्के कमी होता. ब्लॉक ३ आणि ७ चा १४ टक्के कमी. २००५ सालच्या आकड्यांत तर तफावत २६ टक्क्यांपर्यंत गेलेली. मात्र ब्लॉक ६ चे दोन्ही आकडे बऱ्यापैकी जुळत होते. हा ब्लॉक संपूर्णपणे उत्तरेत होता आणि त्याच्या उत्पन्नात दक्षिणेला वाटा द्यायचा नव्हता.

सुदान सरकारने गडबडीचा आरोप फेटाळला. तेलाच्या मोजणीत प्रामाणिक फरक पडू शकतो, हेही खरे. विहिरीतून वर येणाऱ्या द्रवात पाणी असते, गाळ असतो. विहिरीच्या तोंडाशी मोजले तर एक आकडा, पाणी काढून पाइपलाइनमध्ये सोडताना मोजले तर दुसरा. पण मग मोजणी कुठे केली, कोणत्या मीटरवर केली आणि पाणी किती धरले, हे दोन्ही बाजूंनी सांगायला हवे होते. ते समोर नव्हते, त्यामुळे हा फरक पाण्याचा की लबाडीचा, हे बाहेरच्या माणसाला ठरवता येईना. दक्षिणेने मात्र मनाशी ठरवून टाकले होते.

या अविश्वासाची किंमत पुढे दोघांनी मोजली. जुलै २०११ मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. जुन्या सुदानच्या तेलापैकी सुमारे तीन चतुर्थांश त्याच्याकडे आले आणि पाइपलाइन राहिली उत्तरेत. वाहतुकीच्या भाड्यावरून वाद चिघळला, खार्टूमने वसुली म्हणून दक्षिणेचे तेल परस्पर वळवायला सुरुवात केली आणि जानेवारी २०१२ मध्ये दक्षिणेने आपले रोजचे सुमारे साडेतीन लाख पिंपांचे उत्पादन पार बंद केले. देशाच्या उत्पन्नाचा एकमेव मोठा झरा स्वतःच्या हाताने! एप्रिलमध्ये दक्षिणेच्या फौजा उत्तरेच्या ताब्यातल्या हेग्लिगमध्ये घुसल्या. दोन देश युद्धाच्या उंबरठ्यावर आले. यामागे सीमेचा वाद होता, जुनी वैरे होती. नीट हिशेबाने ती मिटली असती असे नाही. पण तुझे किती आणि माझे किती, हे दोघांना पटेल असे सांगणारा आकडा त्या भांडणात कुणाकडेच नव्हता.

छापले म्हणजे झाले?

आकडे प्रसिद्ध झाले की युद्धाचा पैसा आटतो, असा भोळा निष्कर्ष काढायला नको. चाडचा अनुभव त्याच्या उलट आहे. तिथली १०७० किलोमीटरची पाइपलाइन जागतिक बँकेच्या पाठिंब्याने बांधली गेली. त्यासाठी चाडने १९९९ मध्ये कायदाच केला, की तेलाचा पैसा लंडनमधल्या खात्यात येईल, बराचसा शाळा-दवाखान्यांवर जाईल आणि दहा टक्के पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवला जाईल. देखरेखीला समिती होती. कागदावर याहून चोख व्यवस्था शोधून सापडली नसती. पण कायद्यात बोनसचा उल्लेख नव्हता. अडीच कोटी डॉलरचा पहिला बोनस मिळाला आणि त्यातले सुमारे ४० लाख शस्त्रांवर गेले. तेल वाहू लागल्यावर, बंडखोर अंगावर आले तेव्हा, सरकारने २००६ मध्ये कायदाच बदलला आणि सुरक्षेला अग्रक्रमाच्या यादीत बसवले. २००८ मध्ये चाडने बँकेचे कर्ज फेडून टाकले आणि बँक बाहेर पडली. सगळे सगळ्यांना दिसत होते. अडवू शकणारे कुणी नव्हते.

दक्षिण सुदानचीही तीच गत. २०१३ च्या तेल उत्पन्न कायद्यात आकडे प्रसिद्ध करायची, राज्यांना दोन आणि स्थानिक लोकांना तीन टक्के द्यायची तरतूद आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे गृहयुद्ध पेटले. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेने दक्षिण सुदानच्या पंधरा तेलसंस्थांवर निर्यात निर्बंध लादले. तेलाचा पैसा युद्धाला पुरवला जातो, हे कारण देऊन. त्या यादीत ग्रेटर पायोनियर ही ऑपरेटिंग कंपनी होती. तिच्यात ओएनजीसी विदेशचा हिस्सा २५ टक्के.

शिवाय आजच्या कायद्यांना मोठ्या फटी आहेत. ते तेल काढणाऱ्याला विचारतात, तेल घेणाऱ्याला नाही. सरकारच्या वाट्याची पिंपे विकत घेणारे आणि त्यावर आगाऊ कर्ज देणारे मोठे व्यापारी स्वित्झर्लंडमध्ये बसतात. तिथल्या कायद्याने खाणकामाचे भरणे जाहीर करणे सक्तीचे केले, पण व्यापार बाजूला ठेवला. वर सांगितलेल्या चार वाटांपैकी बोनस आणि कराची वाट उजेडात आली. मालाची आणि उचलीची अजून बरीच अंधारात आहे.

आणि ज्याला किंमतीचे लेबल नाही अशा मदतीचे काय? स्वीडनच्या लुंडिन कंपनीचे प्रकरण याच प्रश्नाभोवती आहे. ही कंपनी १९९७ ते २००३ दरम्यान सुदानच्या ब्लॉक ५ए मध्ये होती. तिच्या दोन माजी वरिष्ठांवर युद्धगुन्ह्यांत साहाय्य केल्याचा खटला सप्टेंबर २०२३ मध्ये स्टॉकहोममध्ये सुरू झाला. आपल्या कामाला संरक्षण द्यायला कंपनीने लष्कराला सांगितले आणि त्यासाठी लष्कराला आधी तो मुलूख बळाने ताब्यात घ्यावा लागेल हे तिला ठाऊक होते, असे सरकारी पक्षाचे म्हणणे आहे. दोघांनीही आरोप नाकारले आहेत. निकाल काहीही लागो, इथे तपासले जात आहेत ते कंपनीचे पत्रव्यवहार, बैठकांची टिपणे आणि सुरक्षेचे अहवाल. भरण्याच्या तक्त्यात यातले काहीच आले नसते.

आपला रकाना

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. तो ईआयटीआयचा सदस्य नाही. युरोपसारखा प्रकल्पवार भरणे जाहीर करायला लावणारा कायदाही आपल्याकडे नाही. ओएनजीसी विदेश परदेशातल्या उत्पादनातला आपला वाटा वार्षिक अहवालात देते, पण कोणत्या सरकारच्या कोणत्या खात्याला, कशापोटी, किती पैसे दिले याचा तक्ता लोकांपुढे ठेवण्याचे बंधन तिच्यावर नाही. माहितीच्या अधिकाराखाली विचारावे, तर व्यापारी गुपित आणि परराष्ट्र संबंध ही दोन कलमे आडवी येऊ शकतात.

यावरचा नेहमीचा युक्तिवाद असा, की आपण आकडे उघडे केले तर चिनी कंपन्या करार पळवतील. २००१ मध्ये त्यात तथ्य होते. आज युरोपीय कंपन्या वर्षानुवर्षे आकडे छापत आहेत आणि आफ्रिकेत कामही करत आहेत. दुसरे असे, की गुप्ततेने आपल्याला लाभ झाला असेही दिसत नाही. सुदान सरकारने पुढे ओएनजीसी विदेशचेच पैसे थकवले आणि वसुलीसाठी कंपनीला लवादाची पायरी चढावी लागली.

करायचे काय, ते फार अवघड नाही. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांकडून सेबी दरवर्षी पर्यावरण, कामगार आणि कारभार यांबाबतचा बीआरएसआर नावाचा अहवाल भरून घेते. ओएनजीसी त्यात येतेच. त्या अहवालात परदेशी तेल आणि खाण प्रकल्पांसाठी एक तक्ता वाढवता येईल: देश, ब्लॉक, पैसे कुणाला दिले, बोनस किती, कर किती, किती पिंपे सरकारच्या वाट्याला गेली, मोजणी कोणत्या मीटरवर झाली, आणि संरक्षणासाठी स्थानिक लष्कराला रोख किंवा वस्तुरूपाने काय पुरवले. शेवटचे दोन रकाने युरोपच्या कायद्यातही नाहीत. सुदानने त्यांची गरज सिद्ध केली आहे.

या तक्त्याने एखादे युद्ध थांबेल असा दावा कुणी करू नये. बेंटियूजवळच्या गावातल्या माणसाला, तिथल्या आमदाराला किंवा पत्रकाराला आपल्या सरकारचा आकडा ताडून पाहायला दुसरी वही लागते, आणि ती कंपनीकडेच असते. २००७ चे उत्पादन तपासताना ती चीनच्या सरकारी कंपनीच्या अहवालात सापडली. त्यातल्या ब्लॉक १, २ आणि ४ मध्ये चौथा हिस्सा भारतीय करदात्याच्या पैशाचा होता, तेव्हा तिथल्या माणसाने दिल्लीकडे हिशेब मागितला तर तो उपरा ठरत नाही.